लिटरराव

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर काही माणसं भिंतीवरचे फोटो बघतात, काही पुस्तकांचं कपाट बघतात, काही नुसतीच स्वयंपाकघराच्या दिशेने वास घेत बसतात. लिटरराव माळ्याकडे बघतात. माळ्यावरच्या बॅगा, पिंप, गणपतीच्या सजावटीचं खोकं, कुणाच्या तरी लग्नातली न उघडलेली डिनर सेटची पेटी, या सगळ्यावरून नजर फिरवून "वर तीनशे लिटर माल आहे" असा निर्वाळा देतात आणि मगच चहाचा कप उचलतात. त्यांचं खरं नाव आधार कार्डावर आणि भोसरीच्या कारखान्यातल्या हजेरीपटावर असणारच. पण पुण्यातल्या आम्हा मोटरसायकलवाल्यांमध्ये त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःसुद्धा वळून बघणार नाहीत.

मोटरसायकलच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना ज्या पेट्या-पिशव्या लावतात त्यांना पॅनियर म्हणतात आणि पॅनियरचं माप लिटरमध्ये सांगतात. हे कळल्यापासून लिटररावांच्या बोलण्यातून किलो, फूट, डझन हळूहळू हद्दपार झाले. भाचीच्या लग्नात रुखवत बघायला सगळ्या बायका जमल्या होत्या. करंज्यांचा डोंगर, रुमालाचा हंस वगैरे सोडून लिटरराव मागे ठेवलेल्या ट्रंकेपाशी गेले, झाकण दोनदा उघडझाप केलं आणि म्हणाले, "पंचेचाळीस. वरून उघडतं, हे फार चांगलं." नवरीच्या काकाला वाटलं, आहेराबद्दल काहीतरी चांगलं बोलले. त्याने हात जोडले.

लिटरराव क्वालिटीत आहेत. म्हणजे कंपनीच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये. "लोक बनवतात, मी नाकारतो," अशी स्वतःच्या नोकरीची व्याख्या ते करतात. उभा जन्म दुसऱ्यांनी केलेले पार्ट व्हर्नियरने मोजून परत पाठवण्यात गेला की माणसाला घरची एखादी वस्तूही पास करणं जमेनासं होतं. त्यांच्या सामानाच्या प्रश्नाचं मूळ मला तरी इथेच दिसतं. प्रश्न तसा एका ओळीचा आहे: लांबच्या टूरला सामान पेटीतून न्यायचं की पिशवीतून?

ज्यांनी कधी मोटरसायकलवर आठ-दहा दिवसांचा प्रवास केलेला नाही त्यांना यात प्रश्न कुठे आहे हेच कळणार नाही. त्यांनी रविवारी सकाळी सहाला चांदणी चौकात यावं. तिथून आम्ही पौड, मुळशी करत ताम्हिणीत शिरतो, वाटेत नाश्ता करतो आणि बायकामुलं उठून कुरकुर करायच्या आत घरी येतो. एवढ्या फेरीला पाकिटापलीकडे काही लागत नाही. लिटररावांच्या गाडीला मात्र दोन्ही बाजूंना सामान असतं. आत काय, तर वाळू. प्रत्येक बाजूला दहा किलो, काट्यावर तोलून. "टेस्टिंग चाललंय," ते हेल्मेट काढत सांगतात. मिसळ खायला वीस किलो वाळू घेऊन येणारा हा पुणे जिल्ह्यातला एकमेव माणूस असावा. परत जाताना ती वाळू टाकूनही देत नाहीत. वाळवून, चाळून पुढच्या रविवारसाठी ठेवतात.

आणि मग तर्रीबरोबर वाद सुरू होतो. पेटीवाले म्हणतात, पेटीला कुलूप लागतं. ढाब्यावर गाडीकडे पाठ करून जेवता येतं. पाऊस आत येत नाही. गाडी आडवी झाली तर आधी पेटी टेकते, इंजिन वाचतं. मुक्कामाला पेटीवर बसता येतं, दोन पेट्यांवर फळी टाकली की टेबल होतं, आणि रानात पंक्चर झालं, गाडीला मेन स्टँड नसला, तर तीच पेटी गाडीच्या पोटाखाली सरकवून चाक उचलता येतं. पिशवीवाले हे सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "वजन किती?" दीड मिलिमीटर पत्र्याची ॲल्युमिनियमची मोठी पेटी रिकामी पाच किलोच्या आसपास भरते. दोन पेट्या आणि त्या अडकवायची लोखंडी चौकट धरली तर पंधरा किलो चढले, आणि अजून आत बनियनसुद्धा गेलेलं नाही. शिवाय एका बाजूला साधारण दहा किलोच्या वर भरू नका असं बरेच बनवणारे सांगतात. म्हणजे वीस किलो सामान न्यायला पंधरा किलोचं सामान. त्यातून चिखलात पाय टेकत टेकत गाडी काढावी लागली की टेकलेला पाय जागच्या जागी राहतो, गाडी पुढे जाते आणि पेटी मागून येऊन घोट्यावर बसते. पिशवी अशा वेळी दबते. पेटी दबत नाही, घोटा दबतो.

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. ताप तोच आहे. एक बाजू खोटी असती तर हा वाद मिसळीच्या पहिल्या पावाबरोबर संपला असता.

या वादात लिटररावांचं मत कधीही डळमळीत नसतं. ते ठाम असतं, फक्त बदलतं. ज्या टूरला जे नेलं ते चुकलं, अशी त्यांची ठरलेली पद्धत आहे. पेटी घेऊन गेले की पिशवीवाले होऊन परततात, पिशवी घेऊन गेले की पेटीवाले. आणि पक्ष बदलल्यावर जुन्या पक्षाशी त्यांचं वागणं असं असतं की राजकारणातल्या लोकांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा ते पेटीवाले होते. बाजारातल्या पेट्या त्यांनी एकेक करून नाकारल्या होत्या. एकीचं बिजागर नापास, दुसरीच्या रिव्हेटमधून पाणी झिरपेल अशी शंका, तिसरीची किल्ली दोन्ही बाजूंनी लागते म्हणजे ती कसल्याही किल्लीने लागेल असा तर्क. शेवटी ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे पत्रा नेऊन, आर्गन वेल्डिंग करून, स्वतः डोक्यावर उभं राहून त्यांनी दोन पेट्या बनवून घेतल्या. अडतीस लिटर डावी, अडतीस लिटर उजवी. पहिल्याच आठवड्यात लक्ष्मी रोडला एका हातगाडीशी त्यांचा संबंध आला. दुचाकी चालवणाऱ्याची जन्मजात समजूत असते की हँडल ज्या फटीतून गेलं तिच्यातून उरलेली गाडीही जाणार. पेट्या ही समजूत मोडून काढतात. हँडल गेलं, लिटरराव गेले, पेट्या हातगाडीपाशी राहिल्या आणि पाठोपाठ काकड्या रस्त्यावर आल्या.

त्या पेट्यांसह आम्ही कोकणात उतरलो. दिघी-आगरदांडा खाडी पार करणाऱ्या जंगरवर गाड्या किती खेटून लावतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. हँडलात हँडल अडकवून मोटरसायकली लावत नेल्या जातात आणि मध्ये कोंबड्यांची खुराडी, गॅस सिलिंडर, आंब्याच्या पेट्या. लिटररावांची गाडी दीड गाडीची जागा खात होती. जंगरवरच्या पोऱ्याने लांबून ओरडून विचारलं, "काका, ह्याच्यात काय, मासे?" लिटररावांनी त्याला पेटी उघडून तिचं गॅस्केट दाखवलं. पोऱ्याने बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "बर्फ टिकेल." मला वाटतं, लिटररावांना आयुष्यात मिळालेलं हे सगळ्यात मनापासूनचं प्रमाणपत्र असेल. ते अजूनही सांगतात.

घरी मात्र निकाल वेगळा लागला. कच्चं ॲल्युमिनियम कपड्याला घासत राहिलं की करडी-काळी पूड सुटते. आठ दिवस पेटीत हादरे खाल्लेला पांढरा शर्ट वहिनींनी उजेडात धरला आणि विचारलं, "कपड्यांना कल्हई करून आणलीत का?"

मग लडाख. लडाखला जाणाऱ्या मराठी माणसाची तयारी हा वेगळाच विषय आहे. ज्या कुटुंबाने महाबळेश्वरला स्वेटर नेला नाही ते मनालीसाठी मोजे मोजत बसतं. लिटररावांची तयारी मेमध्ये सुरू झाली, तीही आदल्या वर्षीच्या. गाड्या झेलम एक्स्प्रेसच्या पार्सल डब्यातून अंबाल्यापर्यंत न्यायच्या होत्या. टाकीतलं पेट्रोल काढायचं, गाडीला गोणपाट गुंडाळायचं, गाडीच्या कागदांची प्रत द्यायची. पेट्या उतरवून वेगळ्या पॅक करायच्या. गोणपाटात शिवलेली गाडी ओळखू येत नव्हती, तरी लिटरराव तिच्याभोवती फिरून गोणपाटाच्या शिवणीचं अंतर बघत होते. हमाल म्हणाला, "साहेब, गाडी आहे. बाळंतविडा नाही."

मनालीपुढे आता ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा आहे. २०२०च्या ऑक्टोबरपासून तो खुला झाला आणि रोहतांग चढायची सक्ती उरली नाही. बोगद्यातून पलीकडे निघालं की लाहौल, आणि पुढे तांडीच्या पेट्रोल पंपावर ती पाटी, की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. त्या पाटीसमोर सगळे फोटो काढतात. लिटररावांनी फोटो काढला नाही, हिशेब काढला. टाकी पंधरा लिटरची, दोन कॅन पाच-पाच लिटरचे. कॅन कुठे बांधायचे? पेट्यांच्या बाहेरून, म्हणजे गाडी आणखी रुंद. आणि उंचावर, म्हणजे आणखी डगमगणारी. पिशवीवाले मागून काही बोलले नाहीत, पण त्यांचं न बोलणं लिटररावांच्या पाठीला जाणवत होतं.

झिंगझिंगबारच्या पुढे रस्त्यावरून वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहत होतं. दुपारनंतर ते वाढतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळे दुपारनंतरच पोचतात, कारण सकाळी सामान बांधण्यात वेळ गेलेला असतो. लिटरराव पाण्यात मध्यावर गेले, पुढचं चाक गोट्यावरून सरकलं आणि गाडी अगदी सावकाश, सभ्यपणे उजव्या कुशीवर झोपली. त्यांना काही झालं नाही. गाडीलाही काही झालं नाही. पेटीने सगळा धक्का घेतला, म्हणजे पेटीवाल्यांच्या सिद्धांतात म्हटल्याप्रमाणे तंतोतंत झालं. फक्त पेटीचा चौकोन राहिला नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाला आख्खी बॅच परत पाठवणारा हा माणूस, त्याच्या हातात दीड इंच वाकडी पेटी. झाकण बसेना. एक ट्रक ड्रायव्हर उतरला, त्याने एक चांगलासा दगड निवडला, पेटी खडकावर ठेवली आणि आतून चार ठोके घातले. झाकण बसलं. लिटररावांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्याने पहिला दगड टाकून दुसरा का घेतला असेल?" मी म्हटलं, "हाताला बरा लागला असेल." ते म्हणाले, "नाही. वजन बघितलं त्याने."

सर्चूच्या तंबूत त्या रात्री हवा विरळ, डोकं ठणकत होतं, शेजारच्या गादीवर कुणीतरी ओकत होतं, आणि लिटररावांनी पक्ष बदलला. "पिशवी," ते अंधारात म्हणाले. बाकी कुणालाच या घटनेचं महत्त्व जाणून घेण्याइतका प्राणवायू मिळत नव्हता.

खार्दुंग लाबद्दल एवढंच सांगतो की तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं आणि उपग्रहाच्या मोजणीने ती खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते. सगळे पाटीला मिठी मारून फोटो काढत असताना लिटरराव मोबाइल आकाशाकडे धरून उभे होते. त्यांनी खिंड नाकारली.

पेट्या घरी आल्या. वहिनींनी घासूनपुसून, आत जुनं प्लास्टिक लावून त्यांच्यात वर्षाचे गहू भरले. उंदीर जात नाही, ओल लागत नाही, कुलूप आहे. जंगरवरच्या पोऱ्यानंतर त्या पेट्यांची खरी किंमत ओळखणारी दुसरी व्यक्ती म्हणजे वहिनी. दिवाळीत त्यांनी उजव्या पेटीत चकल्या ठेवल्या आणि मुलं पोचू नयेत म्हणून कुलूप घातलं. किल्ली लिटररावांच्या टूरच्या किल्ल्यांत होती, टूरच्या किल्ल्या टँक बॅगेत, टँक बॅग बंद डाव्या पेटीत, गव्हाखाली. पाडव्याला फराळाला आलेल्या पाहुण्यांनी आर्गन वेल्डिंग किती पक्कं असतं याचं प्रात्यक्षिक बघितलं.

पिशवीपर्वाची सुरुवात बाथरूममध्ये झाली. नवी सॅडल बॅग शॉवरखाली टांगली, आत कालचं वर्तमानपत्र घातलं, तोंड गुंडाळून बकल लावलं आणि शॉवर सुरू ठेवून लिटरराव बाहेर खुर्ची टाकून बसले. अर्ध्या तासाने वहिनींनी विचारलं, "आत कोण आहे?"

"पिशवी."

"अजून किती वेळ लागेल तिला?"

"घाटातला पाऊस चार तास असतो."

वहिनींनी बादली घेतली आणि शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेल्या. संध्याकाळी वर्तमानपत्र कोरडं निघालं, फक्त शब्दकोड्याचा एक कोपरा ओला. लिटररावांनी पिशवी परत केली. दुसरी आणली. तिच्यात अग्रलेख भिजला. असं करत करत एक पिशवी पास झाली, तेव्हा त्या घराने पाण्याच्या टँकरवाल्याशी चांगली ओळख करून घेतली होती.

पिशव्यांसह वरंधा घाटात गेलो. वाघजाईच्या देवळापाशी भजीच्या टपऱ्या आहेत आणि त्यांच्या धंद्यावर डोळा ठेवून असलेली माकडं आहेत. पेटीचं कुलूप माकडाला उघडता येत नाही हे पेटीवाल्यांनी कधी मुद्दा म्हणून मांडलं नव्हतं. बहुधा त्यांना सुचलंच नव्हतं. आम्ही कांदाभजीत दंग. मागे एका माकडाने बकल सोडवायच्या भानगडीत न पडता सरळ बाहेरच्या खिशाची चेन ओढली, चिवडा काढला, बाजूला ठेवला, मोजे काढले, वास घेतला आणि मोजे लिटररावांच्या दिशेने फेकले. भजीवाला म्हणाला, "पिशवीवाल्यांकडेच जातात ती. पेटी बघून त्रास देत नाहीत." पेटीवाल्यांनी त्या दिवशी भजीचे पैसे दिले.

पिशवीचे बाकीचे हाल लवकर सांगतो. तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या पिशवीत जी वस्तू हवी असते ती तळाशी असते. रेनकोट नेहमीच तळाशी. सायलेन्सरच्या बाजूची पिशवी जरा खाली सरकली की तळ वितळतो. चिपळूणच्या अलीकडे त्यांची हाफ पँट आणि पिशवीचा तळ एकजीव झाला आणि ते आजतागायत वेगळे झालेले नाहीत. पाऊसकवच घालावं तर वेगाने ते शिडासारखं भरतं आणि घाटातल्या पहिल्या वळणावर दरीत जातं. स्पितीला जाताना खाली हवाबंद करून घट्ट आवळलेली पिशवी कुंझुम लाला पोचेपर्यंत पुरीसारखी टम्म फुगली, कारण बाहेरचा हवेचा दाब कमी झाला होता आणि आतली हवा खालचीच होती. लिटररावांना त्याचं दुःख झालं नाही. उलट आनंद झाला. "बघ, लीक नाही," ते फुगलेल्या पिशवीवर टिचकी मारत म्हणाले. मुक्कामी पोचल्यावर आम्ही चहा घेत बसलेलो असायचो आणि ते पिशव्यांचे पट्टे सोडवत असायचे. सकाळी आम्ही चहा घेत बसलेलो असायचो आणि ते पट्टे आवळत असायचे. संपूर्ण स्पिती खोऱ्यात त्यांनी उभ्याने चहा घेतला.

टेड सायमन नावाचा इंग्रज लेखक १९७३ ते १९७७ अशी चार वर्षं एका पाचशे सीसी ट्रायम्फवर जगभर फिरला. भारतातही आला, आणि इथल्या एका ज्योतिष्याने त्याला तू गुरू ग्रह आहेस असं सांगितलं, त्यावरूनच त्याने या प्रवासावरच्या पुस्तकाचं नाव ठेवलं. मी हे मोठ्या भारावून लिटररावांना सांगत होतो. ते म्हणाले, "सामान कसं बांधलं होतं?" त्यांची पत्रिका घेऊन तो ज्योतिषी बसला असता तर त्याने नक्की शनी सांगितला असता. जड, सावकाश आणि भोवती कडं.

कड्यावरून आकडे आठवले. पौडच्या रस्त्यावर सकाळी दूधवाले उलट दिशेने पुण्याकडे येत असतात. साध्या शंभर सीसीच्या गाडीला दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे आणि त्यांच्यात दुधाचे कॅन. एका रविवारी लिटररावांनी त्यातल्या एकाला थांबवलं. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं अन्नभेसळवाले. लिटरराव गाडीमागे गुडघ्यावर बसले आणि आकड्याचा गज मोजू लागले.

"दूध पाहिजे का साहेब?"

"नको. हा आकडा कुणी केला?"

"गावातल्या वेल्डरनं."

"तुटला कधी?"

"बापाच्या गाडीचा आहे हा. गाडी गेली, आकडा ह्या गाडीला लावला."

कॅनच्या तोंडात गवताची चुंबळ घातलेली होती. लिटररावांनी कारण विचारलं. हिंदकळून सांडू नये म्हणून, दूधवाला म्हणाला. "आणि अर्धा भरलेला कॅन वाईट साहेब. भरलेला चालतो, रिकामा चालतो. अर्धा असला की गाडी आपलं ऐकत नाही." लिटररावांनी हे वाक्य डायरीत उतरवून घेतलं. वहीत क्रमांक, दिनांक, निरीक्षण. मग पुढे दूधवाल्याची सही घेऊ लागले, तेव्हा तो कॅन हिंदकळवत निघून गेला.

या भेटीतून तिसरं पर्व आलं. सायलेन्सरच्या बाजूला पेटी, कारण ती वितळत नाही. दुसऱ्या बाजूला पिशवी, कारण गाडी उभी करताना त्या बाजूला आपला पाय उतरतो. तर्क निर्दोष होता. गाडी मात्र डावी-उजवी सारखी राहिना, कारण पेटी स्वतःच पाच किलो. मग पिशवीत पाच किलो जास्त सामान. मग दिवसभरात पिशवीतला खाऊ आणि पाणी संपत जाणार, म्हणून दर दोन तासांनी थांबून ताणकाट्याला पिशवी लटकवायची आणि पेटीतली पाण्याची बाटली इकडून तिकडे. गोव्याला जाताना आंबोलीच्या धबधब्यापाशी सगळे भिजत होते आणि लिटरराव भर पावसात झाडाच्या फांदीला पिशवी टांगून काटा वाचत होते. एका कुटुंबाने थांबून विचारलं, "कांदे कसे दिले?"

नवीन पोरांना ते फार आवडतात. परवा एक विशी-बाविशीचा मुलगा आला. पहिलीच मोठी टूर, पुणे ते गोवा, दिवेआगर, गणपतीपुळे करत किनाऱ्याने. म्हणाला, "काका, सामानाचं काय करू?" लिटररावांनी त्याला बसवलं आणि प्रश्न विचारायला घेतले. कपडे किती, त्यातले ओले किती होतील, मागे कुणी बसणार का, बसणार असेल तर तिचं सामान वेगळं का, वेगळं असेल तर तिच्या घरी माहीत आहे का. मुलगा लाजला. प्रश्नावली पुढच्या रविवारी पुरी करायचं ठरलं. मधल्या दिवसांत तो कॉलेजची सॅक सीटवर टाकून, तिच्यावर दोन बंजी ताणून गोव्याला जाऊन आला.

आता इथे मला वाटलं होतं की पोरगा हसत येईल आणि आम्हा सगळ्यांची जिरवेल. तो आला, पण हसत नाही. बसता बसता म्हणाला, "काका, सॅक मधोमध ठेवली की मागे झोक जातो. बाजूला लावायला हवं होतं. पण बाजूला लावलं की जंगरवर अडचण. आणि बंजीचा आकडा उडून डोळ्याला लागता लागता राहिला. पट्टा बरा, आकडा वाईट." मग त्याने समोरच्या टेबलावरच्या तर्रीच्या भांड्याकडे बघितलं, डोळे किलकिले केले आणि म्हणाला, "दोन लिटर?"

"पावणेदोन," लिटरराव म्हणाले, आणि आपल्या बाकावर सरकून त्याला जागा केली.

सध्या दोघं मिळून झंस्कारची तयारी करताहेत. मुलगा पिशवीवाला आहे, काका पुन्हा पेटीकडे झुकलेत, पण या वेळी पेटी प्लास्टिकची, कारण ती वाकत नाही. तडकते, असं मुलगा म्हणतो. वाकलेलं दगडाने सरळ करता येतं, तडकलेलं कशाने? यावर त्यांच्यात तीन रविवार बोलणं झालेलं नाही. सगळं मोजमाप माझ्यामार्फत कळवलं जातं. वहिनींनी डाव्या पेटीत आता तूरडाळ भरली आहे आणि ती परत मागायची नाही असं निक्षून सांगितलंय.

काल रात्री साडेअकराला फोन आला. मी झोपलो होतो.

"तुझी गाडी माझ्याच मॉडेलची ना? सायलेन्सरच्या वरच्या कडेपासून सीटच्या खालच्या पट्टीपर्यंत किती अंतर आहे ते जरा बघून सांग."

"आत्ता?"

"त्या पोराने अठ्ठावीस सेंटीमीटर सांगितलंय. मला पटत नाही."

मी बायकोला कळू न देता शिवणकामाच्या डब्यातला टेप घेतला, चपला हातात धरून जिना उतरलो, पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात गाडीपाशी उकिडवा बसलो आणि मोजलं. वॉचमन येऊन शेजारी उभा राहिला. सत्तावीस भरलं. मी फोन लावला.

"सत्तावीस."

पलीकडे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "गाडीवर सामान चढवून मोजलंस, की रिकाम्या गाडीचं?"

मी वॉचमनकडे बघितलं. चांगला ऐंशी किलोचा असेल. म्हटलं, "दादा, जरा मागच्या सीटवर बसता का?"